आम्ही म्हणजे कोण

"अगं, तिथे गाडी पार्क केली तर परत येईपर्यंत चाकं राहतील का?"

लंडनच्या सधन स्टॅनमोरमधल्या त्या सिटिंग रूममध्ये सगळे हसले. दिवाळीचं जेवण. सगळे डॉक्टर आणि त्यांच्या बायका. बोलणारे डॉक्टरकाका माझ्या आईच्या हॉस्पिटलातले कन्सल्टंट. आई तिथे वॉर्ड झाडते. म्हणून आम्हा दोघींना बोलावणं. वाढायला हात लागतात.

मी मागितलं एवढंच होतं, आमच्या वस्तीतल्या चर्चसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ. एक डॉक्टर.

आम्ही राहतो त्या एस्टेटवर, कौन्सिलच्या म्हणजे पालिकेच्या भाड्याच्या घरांत, दुकानांना फळ्या ठोकलेल्या. दंगलीनंतर कौन्सिल फिरकलं नाही. मदतीला उभं राहिलं ते चर्च. जमेकन माणसांचं, गळक्या छपराचं. बंद पडलेला पब त्यांनी घासून काढला आणि तिथे पाळणाघर सुरू केलं. शनिवारची शाळा, म्हाताऱ्यांना गरम जेवण, सगळं तिथेच. मी देव मानत नाही. तरी त्यांची पत्रकं मी लिहिते. कोपऱ्यावरच्या सर्जरीत, म्हणजे सरकारी डॉक्टरच्या दवाखान्यात, काळा माणूस नाव नोंदवायला गेला की ठरलेलं उत्तर : "लिस्ट फुल आहे." गोऱ्या शेजारणीचं नाव मात्र लगेच लागलं. म्हणून चर्चला निदान ब्लडप्रेशर बघणारं कोणीतरी हवं होतं.

काका म्हणाले, "आपण मेहनत करून वर आलो. त्यांना कोणी अडवलंय?"

"आम्हाला अडवतात, काका. सर्जरीच्या दारातच."

"'त्यांना' म्हण गं," काकू गोड हसल्या. "'आम्हाला' म्हटलं की त्यात तू पण आलीस. या इथल्या मुलांचं मराठी! इंग्रजीसारखं सगळ्याला एकच 'वी'."

"क्लास लावा हिला!" कोणीतरी ओरडलं. परत हशा.

माझं मराठी कच्चं आहे. 'ती'चं 'तो' होतं, 'ते'चं काहीही होतं. पण हे चुकलं नव्हतं.

"बरोबर बोलले, काकू. आम्हाला म्हणजे आम्हाला. तुम्ही त्यात नाही."

हसणं थांबलं. आई ताटाकडे बघत म्हणाली, "माफी माग." मी नाही मागितली.

परतताना ट्यूब ट्रेनमध्ये आई माझ्यापासून एक सीट सोडून बसली. "उद्या वॉर्डात त्यांच्यासमोर मला उभं राहायचंय," एवढंच बोलली. मग खिडकीकडे तोंड.

उतरल्यावर मी घरी न जाता चर्चच्या हॉलमध्ये गेले. सिस्टर ग्लोरिया कप धूत होती; चर्चमधल्या सगळ्या बायकांना तिथे सिस्टरच म्हणतात. छातीत दुखतं म्हणून त्या सर्जरीत गेलेली आणि दोनदा दारातूनच परत पाठवलेली बाई. माझा चेहरा बघून म्हणाली, "तुझे लोक नाही म्हणाले ना?"

तुझे लोक. ती प्रेमानेच म्हणाली. मी टॉवेल घेतला आणि कप पुसत राहिले. त्या हॉलमध्ये, त्या घरात, त्या ट्रेनमध्ये, माझ्या बाजूला कोणी नव्हतं.

नसू दे.

डॉक्टरांच्या दिवाणखान्यात हात पसरायला मी परत जाणार नाही. उद्या सर्जरीचं दार उघडलं की मी ग्लोरियाला घेऊन आत जाऊन बसणार. तिचं नाव लागेपर्यंत उठणार नाही. बोलवा पोलीस. पोलिसांसमोरही बसेन.