हळदीची कंपनी कोर्टात उभी राहते तेव्हा

पॉलिश केलेल्या हळदीचा वास आला की मला हट्टा गावचे ते हळद कंपनीचे मालक आठवतात. ओली हळद पाठवल्याचा दावा कंपनीवर झाला, तेव्हा ते वकील न लावता स्वतःच कोर्टात उभे राहिले. सदऱ्यावर पिवळी भुकटी तशीच होती. "कंपनी म्हंजे मीच की, साहेब!" न्यायाधीश म्हणाले, "कायद्याने कंपनी वेगळी, तुम्ही वेगळे. तिच्यासाठी वकील द्या." मग मालकांनी वकील म्हणून मला नेमलं. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी मला विचारलं, "हळद किती दिवस वाळवली होती?" मी वळून मागे बसलेल्या मालकांकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे हात जोडले. "मला काहून इचारता? मी तर वेगळा. कंपनीला इचारा." आज माझ्याकडे बऱ्याच कंपन्यांची वकीलपत्रं आहेत. त्यांतली एकही अजून माझ्याशी बोललेली नाही.