डाव्या बाजूचं माप

नवऱ्यानं बायकोचा ब्लाऊज शिवू नये असा काही सरकारी नियम नाही. पण गावात नियम लागत नाहीत, चावडीसमोर बसणारी चार रिकामी माणसं पुरतात. मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि कोरेगावजवळच्या आमच्या गावी उसाची शेती बघू लागलो. बटण लावणं, फाटलेली बाही सांधणं प्रत्येक जवानाला येतं. त्याला कुणी शिवणकाम म्हणत नाही.

बायकोचं ऑपरेशन मिरजेला झालं. डावा स्तन काढावा लागला. गाठ गेली, औषधं संपली, डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. घरातले तिचे सगळे ब्लाऊज मात्र डावीकडे ढिले पडले. पदराखाली झाकलं जातं म्हणावं, तर वाकलं की गळा पुढं पडायचा. आत घालायला दवाखान्यातून एक पॅड मिळालं होतं, ते उकाड्यात चिकटायचं आणि काम करताना सरकायचं. तिनं ते कपाटात टाकून दिलं. पूर्वी ती स्वतःचे ब्लाऊज स्वतःच शिवायची, पण आता डाव्या हाताला सुई टोचता कामा नये, ताण देता कामा नये, अशी डॉक्टरांची ताकीद. आणि शिवणाऱ्या बाईकडे जायला ती तयार नव्हती.

"माप घेताना हात लावणार, आन् सांजपातूर साऱ्या आळीला कळणार," म्हणाली.

मग ती कुठं जाईनाशीच झाली. भर उन्हाळ्यातही दार वाजलं की अंगावर शाल ओढायची.

अशात कवठे महांकाळहून तिच्या भावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. "तुमी जाऊन या," ती मला म्हणाली. सख्खी आत्या लग्नाला नाही, म्हणजे झालं काय? मला एवढं कळत होतं, की ह्या लग्नाला ती गेली नाही तर पुढं घराबाहेर पडायचीच नाही.

"मी शिवतो तुझा झंपर," मी बोलून गेलो.

बोलायला काय जातं! वर्षानुवर्षं सीमेवर काढली, पण कात्री उचलायचं धाडस होईना. रायफल खोलली तर परत जोडता येते. कापड चुकीचं कापलं की संपलं. म्हणून मी रोज तिच्या शिवणाच्या पायमशीनला तेल घालायचो, चाक पुसायचो, परत तेल घालायचो.

"आवं, मशीन तळायचं हाय का?" ती खाटेवरून म्हणाली.

शेवटी ओटीत आलेले ब्लाऊज पीस काढले. हे कापड सहसा कुणी शिवत नाही, एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत फिरत राहतं. त्यावर हात बसवायला सुरुवात केली. ती सांगायची, मी करायचो. पाय चुकला की चाक उलटं फिरायचं आणि दोरा तुटायचा. जन्मभर लोकांना हुकूम सोडले, आता ऐकायची पाळी आली. राग यायचा. तिच्यावर काढता येत नव्हता, म्हणून मशीनवर काढायचो. एकदा शेजारचा मित्र, तोही पेन्शनीतला, खिडकीतून डोकावला.

"काय गड्या, नवी पोस्टिंग व्हय?"

मी त्याला आत बोलावून चहा पाजला, पण आधी मशीनवर टॉवेल टाकला.

मग चांगलं कापड आणलं. तिचा जुना ब्लाऊज उसवून त्याबरहुकूम नवा कापला. कापडाची दुहेरी घडी घालायची आणि एकदाच कात्री चालवायची, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या निघतात. सगळे शिंपी असंच करतात. शिवण परेडच्या रांगेसारखी सरळ आली. मला गर्व झाला, खोटं कशाला सांगू.

तिनं तो घातला आणि आरशासमोर उभी राहिली. डावी बाजू रिकामी लोंबत होती. साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात आलीच नव्हती.

"शिलाई लय बेस हाय," ती म्हणाली. "पर ह्यो माज्या जुन्या अंगाचा झाला. आताचं माप घ्या."

"तूच सांग की, डावीकडं किती कमी करायचं."

"माजं मला टेप धरून घेता येतं व्हय?" आरशातच बघत ती म्हणाली, "ऑपरेशन झाल्यापासनं तुमी येकदाबी इकडं बघितलं न्हाई."

खरं होतं. ड्रेसिंग बदलायला आमची मुलगी येऊन राहिली होती. ती खोलीत शिरली की मी गोठ्यात जायचो. मुलगी गेल्यावरही, बायको कपडे बदलायला लागली की मला नेमकं काहीतरी काम आठवायचं. तिला अवघडायला नको, असं मी स्वतःला सांगत होतो. कात्रीची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही होती. आणि माझ्या ह्या वागण्याचा तिनं काय अर्थ लावला असेल, ते विचारायची हिंमत नव्हती.

मी दार लावलं. टेप घेतली. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत एक गुलाबी रेघ होती, भोवतालची कातडी सपाट आणि जराशी ताणलेली. इतके दिवस मी मनात जे धरून बसलो होतो, त्यापुढं हे फारच थोडं होतं. दिसलं तेच बोललो.

"डॉक्टरनं टाके सरळ घातलेत."

"तुमच्यापरास बरं जमलंय त्येला," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. टेप सरकली, ती मी परत लावली.

ह्या वेळी कापड घडी न घालता पसरलं. उजवी बाजू वेगळी कापली आणि तिला टक्स घेतले, म्हणजे गोलाई देणाऱ्या चुण्या. डावी बाजू सपाट ठेवली, आत दुहेरी अस्तर लावलं, गळा थोडा वर घेतला. दोन बाजू एकमेकींशी जुळेनात. उसवलं, परत शिवलं. शिवण पहिल्याइतकी सरळ काही आली नाही, पण बसला बरोबर.

लग्नाच्या मांडवात तिच्या भावजयीनं तिला खालीवर निरखलं. "वन्सं, झंपर लय झ्याक बसलाय. कुटं शिवला?"

मी शेजारीच उभा होतो. साताऱ्याला शिवला म्हणून ठोकून देता आलं असतं.

"ह्यांनी शिवलाय," ती म्हणाली, आसपासच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मापबी ह्यांनीच घेतलं."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला कुठं बघावं कळेना, म्हणून मी तिच्याकडेच बघत राहिलो.