तांबड्या बोयाच्या अलीकडे

तांडेलाचा जन्म बोटीवर गेला, पण बोटीत बाकडीही असू शकतात हे त्याला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

सरकारी योजनेची माणसं आली तेव्हा समुद्र झाडून नेल्यासारखा झाला होता. मोठे ट्रॉलर तळापर्यंत खरवडून जायचे आणि तांडेल चार-चार दिवस बाहेर राहून अंगाला डिझेलचा वास तेवढा घेऊन परतायचा. योजनेत भानगड काही नव्हती. मासेमारीचा परवाना परत द्यायचा, त्याच बोटीवर छत आणि बाकडी बसवायची आणि पर्यटकांना फिरवायचं. बोट मोडीत जाणार नाही, हे एक वाक्य तांडेलाच्या कानात शिरलं. बाकी कागदांवर त्यानं डोळे झाकून सह्या ठोकल्या.

फिरवायच्या नव्या परवान्यात हद्द आखून दिली होती. धक्क्यावरून पाण्यात तरंगणाऱ्या खुणेच्या तांबड्या बोयापर्यंत जायचं, बोयाला वळसा घालायचा आणि परत यायचं. एका फेरीला चाळीस मिनिटं, दिवसाला सात फेऱ्या. धक्क्यावरचा फिटर इंजिन बघायला यायचा आणि न चुकता विचारायचा, “तांडेल, चक्कर येत नाही का रे?”

पर्यटक तर प्रश्न विचारायलाच आलेले.

“इथं मासे असतात का हो?”

“असतात की.”

“मग दिसत कसे नाहीत?”

“त्यांनी तिकीट काढलेलं नाही.”

बोट हसायची. तांडेल हसायचा नाही.

त्याच्या बायकोचं मात्र बस्तान बसलं होतं. आधी मासळीच्या पाट्या वाहून तिच्या मानेला घट्टा पडला होता, बर्फानं बोटं चिरली होती. आता ती तिकिटाच्या खोक्यात पंख्याखाली बसायची. सगळे तिला तिकीटवाली म्हणू लागले आणि ते तिला आवडायचं. घराचे पत्रे बदलले. दुखण्याला डॉक्टर परवडू लागला. त्यामुळे तांडेलाला कुरकुरायला कारणच राहिलं नाही, आणि खरी कोंडी तीच होती. उपाशी माणसाचं गाऱ्हाणं कुणीतरी ऐकतं. जेवलेल्याचं कोण ऐकणार?

“अहो, जेवताना तोंड कशाला पाडता?” ती विचारायची.

“कुठं पाडलंय? तोंडच असं आहे.”

“चार-चार दिवस ते दिसत नव्हतं तेच बरं होतं म्हणायचं.”

अशी दोन वर्षं गेली. मग एका दुपारी, पाचव्या फेरीला, बोयाला वळसा घालताना डाव्या हाताला पाणी शहारलं. वरून पांढरे पक्षी दगडासारखे कोसळत होते. बांगडा वर आला होता, आणि थोडाथोडका नव्हे. तांडेलाचा हात डोक्याला विचारायला थांबला नाही. सुकाणू फिरलं. बोट हद्द ओलांडून उघड्या समुद्रात गेली. त्यानं इंजिन मंद केलं, जाळं टाकताना घेतात तसा माशांभोवती अर्धा फेर घेतला आणि छातीतून ओरडला, “सोडा, जाळं सोडा!”

मागं नारिंगी जॅकेटातली बावीस माणसं बसली होती. एका जाड्या गृहस्थानं घाबरून जॅकेटाचा पट्टाच सोडला. एका बाईनं हातातली पर्स खाली ठेवली. तेवढ्यात आडव्या लाटेनं बोट कलली, दोन-तीन म्हाताऱ्या ओकल्या, आणि एकानं हे सगळं मोबाईलवर टिपलं.

दुसऱ्या दिवशी बंदर कार्यालयातून बोलावणं आलं. तिकीटवाली बरोबर निघाली, कारण गोष्ट साधी नव्हती. हद्द ओलांडली की फिरवायचा परवाना रद्द. मासेमारीचा तर आधीच परत केलेला. आणि बिनपरवान्याची बोट किनाऱ्यावर ओढून तोडायची, असा नियम होता.

साहेबानं मोबाईल पुढं धरला. “हे तुम्हीच ना?”

“मीच.”

“बोटीवर जाळं होतं?”

“नव्हतं.”

“मग सोडायला काय सांगत होता?”

साहेबाला हसू आलं, ते त्यानं आवरलं. “हे बघा, बोट उलटली असती तर बावीस माणसं होती. पुन्हा होणार नाही असं लिहून द्या. या वेळी सोडतो.”

पेन पुढं आलं. तांडेलानं ते हातात घेतलं, थोडा वेळ धरलं आणि टेबलावर ठेवलं.

“मुद्दाम केलं असतं तर लिहून दिलं असतं, साहेब. हात आपला आपण वळला. उद्या वळणार नाही हे मी कशाच्या जोरावर सांगू?”

तिकीटवालीनं त्याच्याकडं खाऊ की गिळू असं पाहिलं. साहेबानं खुर्ची मागं सरकवली. “मग माझा नाइलाज आहे.”

खिडकीतून किनारा दिसत होता. तिथं दोन माणसं कुणाचीतरी बोट कापत होती. करवतीचा आवाज आत येत होता.

तिकीटवालीनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला. मागच्या वर्षी योजनेवाल्यांनी महिला गटातल्या सहा जणींना बोट चालवायच्या प्रशिक्षणाला नेलं होतं, आकडा भरायला म्हणून. पाच जणींनी प्रमाणपत्र घेऊन फोटो काढला आणि विसरल्या. हिनं ते जपून ठेवलं होतं.

“चालक म्हणून माझं नाव घाला,” ती म्हणाली. “बोट राहू द्या.”

“आणि हे?”

“हे जॅकेटं बांधतील. सुकाणूला हात लावणार नाहीत, तसं लिहून घ्या.”

साहेबानं तांडेलाकडं पाहिलं. “चालेल तुम्हाला?”

बाहेर एक फळी धपकन पडली.

“चालेल,” तांडेल म्हणाला, आणि या खेपेला सही केली.

घरी येताना तो म्हणाला, “आधी मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर?”

“नाही म्हणालो असतो.”

“म्हणून.” दहा पावलं गेल्यावर ती म्हणाली, “मला काय हौस आहे का? पंखा सोडून उन्हात जायची?”

दुसऱ्या दिवशी खोक्यात नणंद बसली आणि तिकीटवालीनं बोट बाहेर काढली. निघताना बोट धक्क्याच्या टायरांना घासली. तांडेलाचा हात पुढं गेला.

“हात,” ती मागं न बघता म्हणाली.

त्यानं हात काखेत घातला. तिनं बोयाला वळसा घातला तोसुद्धा चांगली वीस हात जागा राखून, शाळकरी पोरीनं समासाच्या आत लिहावं तसा. पोटातलं पाणी हललं नाही कुणाच्या. परतीच्या वाटेवर बाकड्यावरच्या एका बाईनं विचारलं, “काका, तुम्हीपण फिरायला आलात का?”

“हो,” तांडेल म्हणाला. “रोज येतो.”

“हौस दांडगी आहे हो तुमची.”

त्यानं तिच्या जॅकेटाचा पट्टा ओढून पाहिला, घट्ट होता, आणि तो पुढच्या बाकड्याकडं सरकला.