दूध सिंककडे गेलंच नाही

मंडळी, घरात कोणावर ओरडता येत नाहीये, म्हणून सायबर कॅफेत बसून इथे ओरडतेय.

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या पहिल्यावहिल्या फ्लॅटचा ओटा मी आणि नवऱ्यानेच केला. मिस्त्री परवडत नव्हता. चार रविवार कंबर मोडून फरश्या बसवल्या.

आज सकाळी सायखेड्याहून सासूबाई आल्या. "नव्या ओट्यावर पहिलं दूध उतू घालायचं," म्हणाल्या. मी हळदकुंकू वाहिलं, पातेलं चढवलं. दूध उतू गेलं आणि सिंककडे जायचं सोडून थेट उलट्या कोपऱ्यात पळालं! तिथल्या फटीतून खाली ठेवलेल्या बाजरीच्या पिठात.

सासूबाईंनी लेकाला विचारलं, "उतार उलटा दिला का रं?"

नवरा म्हणतो, "उतार मोजायची लेव्हल-पट्टी हिने धरली होती."

हो, धरली होती! पण तिच्या काचेतला बुडबुडा बघायचं काम कोणाचं होतं?

म्हटलं, उद्याच फोडते. तर सासूबाई म्हणाल्या, "नाय हं. दूध उतू गेलेला ओटा वर्षभर फोडायचा नसतो."

म्हणजे ज्या दुधाने चूक दाखवली, त्याच दुधामुळे ती दुरुस्त करायची नाही! आता तुम्हीच सांगा, वर्षभर हा ओटा धुवायचा कसा?