गोदामाय आणि मोहाची फुले

गोदामायला चुकीचे बोलणे ऐकवतच नसे. बसमध्ये कंडक्टर असो की कचेरीत पेशकार, ती मध्येच हात वर करून म्हणायची, "खोडा ते!" बोललेले कसे खोडायचे, असे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी जैनथ गावच्या शाळेत मास्तर, तिच्या बोलीत 'सार', आणि तिचा शेजारी, त्यामुळे माझे रोजच काहीतरी खोडले जायचे.

ती एका लहानशा पंथाची गुरुमाय होती. दीक्षा बंद दाराआड द्यायची आणि आतले बाहेर बोलायचे नाही, अशी त्यांच्यात शपथ असे. ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेत जाडजूड ज्ञानकोश आला. त्यात या पंथाची नोंद दिसली म्हणून मी मोठ्या हौसेने तिला वाचून दाखवली: 'दीक्षेच्या वेळी मोहाची दारू पाजतात.' नोंद लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी मोहफुलांची टोपली आत जाताना पाहिली होती, एवढाच आधार.

"खोडा ते!" ती कडाडली. माझी हौस जिरली.

बातमी गावोगाव गेली आणि तिच्या नातीची ठरलेली सोयरीक मोडली. गोदामायचा मुलगा, म्हणजे नातीचा बाप, रडकुंडीला आला. "माय, फुलं कायले लागतात, तेवढं सांगून दे न. काय जाते आपलं?"

"माह्या गुरूले देल्ला शब्द जाते. दारू नसते, हे चावडीवर उभं राहून सांगतो. फुलाचं नाही सांगत."

प्राध्यापकांना मी पत्र टाकले. फुलांचा उपयोग कळवा, मग दुरुस्ती करू, असे त्यांचे सभ्य उत्तर आले. तिने पुढच्या दीक्षेच्या वेळी दाराबाहेर थांबायला त्यांनाच बोलावले, आणि मोडलेल्या सोयरिकीतल्या पाहुण्यांनाही. सारा गाव लोटला. दार उघडले, दीक्षा घेतलेले बाहेर आले. गोदामायने एकेकाला प्राध्यापकांपुढे उभे केले. "आ कर रे. घ्या साहेब, वास घ्या." शेवटी स्वतःच तोंड उघडून उभी राहिली. चष्मा सावरत तो भला माणूस प्रत्येकाच्या तोंडाशी नाक नेत होता आणि मला हसू आवरत नव्हते.

"दारू नाही," ते म्हणाले. "पण मग फुले?"

"ते राहू द्या आमच्यापाशी."

पाहुणे हात जोडून पुढे आले, सोयरीक पुन्हा जोडू म्हणाले. मला वाटले, जिंकली म्हातारी. ती म्हणाली, "वास घेतल्याबिगर ज्याले भरवसा नाही, त्याच्या घरी माही पोरगी नांदाले जात नाही. काऊन वो पोरी?"

"नाही जात," नात म्हणाली. मला दोघींचा रागही आला आणि अभिमानही वाटला. नातीला पुढे मावला गावातले चांगले घर मिळाले.

कोशाची नवी आवृत्ती आली तोवर गोदामाय अंथरुणाला खिळली होती. मी वाचून दाखवले: 'दीक्षेत मद्य नसते. मोहफुलांचा उपयोग अज्ञात.'

"अज्ञात म्हंजे काय, सार?"

"आमाले माईत नाही, असं लिवलं, माय."

ती पोट धरून हसली. "हे बराबर लिवलं!"

त्याच उन्हाळ्यात ती गेली. फुलांचे मला शेवटपर्यंत सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.