सरकीचं का भुईमुगाचं?

अकोल्याहून निघालेल्या बसमध्ये माझ्या शेजारी कडक इस्त्रीतला एक तरुण स्वतःशीच पुटपुटत होता. विचारलं तर लाजला. तिवशाला मुलगी पाहायला चालला होता. नोकरी गुजरातेत, जमिनीखालचं तेल काढायच्या जुन्या विहिरींवर. मागच्या घरी “तेल काढतो” एवढंच बोलला, तर मुलीच्या बापाने विचारलं, “सरकीचं का भुईमुगाचं?” आणि तेलघाणीवाला समजून नकार कळवला.

मला कुठलं राहवतंय! मी मिशीला पीळ दिला. “समजा, मीच तुमचा सासरा. काहून हो जावईबुवा, विहीर आटली तर माह्या पोरीनं काय खावं?”

तो सावरून बसला. एक पंजा उभा धरून दुसऱ्याने त्याला रेटत म्हणाला, “आटत नाई, मामाजी. लई तेल दगडातच अडकून राह्यते. आमी बाजूच्या विहिरीतून पानी लोटतो, मंग ते इकडं सरकते. लोकं विहीर संपली म्हनतात, तिथून आमचं काम सुरू होते.”

“दिली पोरगी!” मी ओरडलो. अख्खी बस हसली.

तिवशाला उतरून तो खिडकीशी आला. “मामाजी, खरंच देल्ली असती?”

“डोये झाकून!”

मला दोन्ही मुलगेच आहेत, पण ते त्याला कशाला सांगू? तो ताठ मानेने चालू लागला होता.