सोळा जणांचा डावा गुडघा

नाटक कंपनीत सगळे तिला अक्का म्हणत. नाचगाण्याच्या नाटकात ती एकोणिसाव्या वर्षी शिरली, मागच्या रांगेतली चौथी म्हणून. पुढे अकरा वर्षं ती नायिकेची बदली नटी होती. नायिका आजारी पडली की अक्का उभी राहणार, असं ठरलेलं. अकरा वर्षांत नायिकेला साधी शिंकही आली नाही. अक्काला मात्र सगळे नाच पाठ झाले. जुने नृत्यदिग्दर्शक रुसून निघून गेले तेव्हा ते काम तिच्या गळ्यात पडलं. तिथे तिने नाव काढलं.

तिचा नियम एकच. "मी करते तस्सं करायचं. डोकं चालवायचं नाही."

बावन्नाव्या वर्षी डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी नाच बंद करायला सांगितलं. अक्काने कंपनीत हे कळू दिलं नाही. नवं नाटक तीन आठवड्यांवर आलेलं, आणि दिग्दर्शकाचा खाक्या तिला माहीत होता: ज्याला करून दाखवता येत नाही, त्याने शिकवायचं नाही. शिवाय तिचीच शिष्या, दोन्ही गुडघे शाबूत असलेली, पहिल्या रांगेत उभी होती.

धाकटी बहीण रोज गुडघ्याला पट्टा बांधायची आणि तोंडाचा सोडायची.

"अगं ताई, सांगून टाक ना. खाणार आहे का तो तुला?"

"काम काढून घेईल."

"घेऊ दे. घरी बस."

"बसू कशी? हा दुमडतोय कुठे?"

तालमीची खोली टायरच्या दुकानावर होती. अक्का आरशाकडे तोंड करून, सोळा जणांना पाठमोरी, नाचून दाखवायची. गिरकीत सातव्या मोजणीला भार डाव्या पायावर येई. तिथे ती पाय हळूच ओढून घ्यायची. आरशात ती फक्त स्वतःचा चेहरा बघायची; कळ दिसता कामा नये. चेहरा हसरा राहिला. अक्का खूश होती.

रंगीत तालमीला ती प्रथमच प्रेक्षकांच्या खुर्चीत बसली, दिग्दर्शकाशेजारी. पाच, सहा, सात. सोळा धडधाकट माणसं एकदम लंगडली. आठला सरळ झाली. पुढच्या गिरकीला पुन्हा लंगडली. हसऱ्या चेहऱ्याने.



"हे काय आहे?" दिग्दर्शकाने विचारलं.

नवी शैली म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण चुकलेला नाच तिला कधीच बघवला नव्हता.

"माझा गुडघा. गेलाय तो. मुलांनी तोच उचललाय. काढून टाकते."

"हात लावू नका!" तो उभाच राहिला. "अख्ख्या नाटकात एवढीच जागा खरी वाटतेय." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण गेलाय म्हणालात? अरेरे. मग पुढच्या नाटकाला तुमच्या शिष्येला घेऊ. तुम्ही आराम करा, अक्का."

नाटक धो धो चाललं. समीक्षकांना त्या लंगडण्यात माणसाची मोडलेली उमेद दिसली. एकाला तर अख्खा समाज दिसला. साहजिकच पुढच्या नाटकातही तसाच नाच हवा, असं ठरलं.

महिन्याभराने शिष्या घरी आली. "अक्का, तुमच्या मागे उभी राहून करायचे तेव्हा जमायचं. आता ते लंगडणं मला जमतच नाहीये. मुलांना काय शिकवू?"

"घ्या!" आतून बहीण म्हणाली. "आता याचीही शिकवणी!"

अक्का खुर्चीतून उठली नाही. "कर."

शिष्येने केलं.

"खोटं. आधी भार टाक, मग घाबर. पुन्हा."

दुपार कलली तशी शिष्या गुडघा चोळत खाली बसली. "दुखायला लागलं हो, अक्का."

"आता जमेल," अक्का म्हणाली. "ऊठ."